माझं अष्टशील आणि आठची गोळी

आत्मकथन लिहायला पंचेचाळिशी हे काही वय नव्हे, असं माझी मुलगी म्हणते. तिचं बरोबर आहे. पण तेविसाव्या वर्षी मी स्वतःला मेलेलाच धरून चाललो होतो, त्यामुळे माझ्या लेखी मी आता चांगला पिकलेला म्हातारा आहे, आणि म्हाताऱ्यांना जुनं उगाळायची मुभा असते. तेव्हा हे प्रकरण त्या पावसाळ्याचं, ज्यात मी एच.आय.व्ही. आणि माझी माय या दोघांशीही एकाच वेळी लपंडाव खेळलो आणि दोन्हीकडे हरलो. रोग कुठून आणला, कसा आणला, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. डॉक्टर मात्र तो विचारून लगेच पुढच्या ओळीवर जातात. मीही तसाच पुढे जातो. दोन वर्षं परमुलखात कंपनीत कामाला होतो, वय तरणं होतं, अक्कल घरी ठेवून गेलो होतो. एवढ्यावर ज्याला समजायचं त्याला समजलं.

आमचं गाव मेडशीपासून पायी अर्ध्या तासावर. घर म्हणजे एक मोठी खोली, पुढे पडवी, मागे न्हाणी. बाबा मी आठवीत असतानाच गेले होते, थोरला भाऊ नोकरीनिमित्त बाहेर. घरात माय, मी आणि दोन शेळ्या, ज्यांना घरात माझ्यापेक्षा जास्त मान होता. मायचा दिवस भाकरी थापण्याच्या आवाजानं सुरू व्हायचा. त्या थापेवरून मला तिचा मूड कळायचा: संथ थाप पडली तर सगळं ठीक, दणदण पडली तर अंथरुणातूनच पळायची तयारी. पावसाळ्यात वावरातून येताना ती पदरात काहीतरी खुडून आणायचीच. कधी तरोट्याचा कोवळा पाला, कधी कटुले, कधी अंबाडी. तरोट्याची भाजी, वर कच्चं तेल, जवारीची गरम भाकर आणि पाट्यावरचा ठेचा. आजही कुठे तरोट्याला फोडणी पडली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि पाठोपाठ पोटात एक जुनी कळ येते. ती कळ का येते, तेच सांगायचं आहे.

खोकला हटेना, अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले, तेव्हा वाशीमला सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. तिथं मागच्या बाजूला एका छोट्या खोलीत समुपदेशन करणाऱ्या एक ताई बसत. मूळच्या कारंज्याच्या, सडपातळ, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मला रिपोर्ट समजावून सांगितला. हा विषाणू शरीरातल्या पहारेकरी पेशी मारतो, गोळ्या त्याला दाबून ठेवतात, मारून संपवत नाहीत, म्हणून गोळ्या जन्मभर घ्यायच्या. सकाळी आठला एक, संध्याकाळी आठला एक, काहीतरी खाऊन, एकही न चुकवता. नीट घेतल्या तर नोकरी करा, वावर करा, लग्नाचंही पुढे पाहू. सोबत जेवल्यानं, पाणी प्यायल्यानं, एका खाटेवर झोपल्यानं, डास चावल्यानं हा कोणाला लागत नाही. त्या अर्धा तास बोलल्या. मी अर्धा तास मान हलवली. यातलं माझ्या डोक्यात किती शिरलं म्हणाल तर 'जन्मभर' एवढा एकच शब्द, तोही मी 'जन्म थोडाच उरलाय' असा ऐकला.

बाकीचं मला पटलंच नाही. मला वाटलं, ताईंचं कामच धीर द्यायचं, त्या असंच बोलणार. म्हणून परतीच्या एसटीत मी माझी स्वतःची नियमावली तयार केली. आपलं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. दाढी करायची नाही, कारण न्हाव्याचा वस्तरा. शेळीचं दूध काढायचं नाही, कारण काय ते मलाच ठाऊक नव्हतं. प्रश्न एकच उरला, की हे सगळं मायला काय सांगून करायचं. माझ्या मायपासून घरात सुईसुद्धा लपत नसे. पिठाच्या डब्यात, ट्रंकेत, कौलाच्या खाली, कुठेही काही ठेवलं तरी ती दुसऱ्या दिवशी ते माझ्यापुढे आणून ठेवायची आणि विचारायची, "हे कोनाचं हाये बापू?" कोणाचं ते तिला पक्कं माहीत असायचं.

उपाय सापडला विहारात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आम्हा बौद्धांकडे वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथाचं वाचन होतं, आणि काही उपासक पौर्णिमेला, अष्टमीला अष्टशील घेतात. नेहमीच्या पाच शीलांवर आणखी तीन: दुपारी बारानंतर जेवायचं नाही, नाचगाणं नि सुगंध नाही, उंच पलंगावर निजायचं नाही. शिवाय ब्रह्मचर्य. पांढरे कपडे. त्या पौर्णिमेला आमच्या विहाराचे ज्येष्ठ शामरावबाबा उभे राहून विचारत होते, कोण कोण अष्टशील घेणार, आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. वेगळं ताट, वेगळी चटई, दाढी वाढलेली, आणि कोणी मुलीचं स्थळ घेऊन आलं तर ब्रह्मचर्य. माझा सगळा रोग या एका व्रतात आयता बसत होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाबा, मी पुरे तीन महिने घेतो."

शामरावबाबा स्वतः पौर्णिमेपुरतं घेत. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "तीन महिने?"

"पुरे तीन महिने."

"अबे मिलिंद, कंपनीत जायच्या पयले तू ध्यानात घोरत होता."

पण माय रडायला लागली होती. आनंदानं. नवऱ्यामागे वाढवलेलं पोर परमुलखातून परत आलं ते थेट उपासक होऊन. आता माघार कशी घ्यायची? मी हात जोडून उभाच राहिलो.

मी किती मोठा गाढव होतो, हे मला कळायला त्याच संध्याकाळचे आठ वाजावे लागले. ताईंनी सांगितलं होतं, गोळी काहीतरी खाऊन घ्यायची. शील सांगत होतं, बारानंतर खायचं नाही. उघड्या डोळ्यांनी मी असं व्रत निवडलं होतं, ज्यात दिवसाची नेमकी अर्धी औषधं उपाशीपोटी येत होती. पहिल्या दिवशी घेतली. पाव तासात न्हाणीमागे जाऊन सगळी ओकलो. माय बाहेरून विचारते, "काय झालं रे?" मी म्हणतो, "शरीर शुद्ध होऊन राह्यलं." ती बिचारी शेजारणीला सांगायला गेली.

मग मी चोरीला लागलो. दुपारच्या जेवणातली अर्धी भाकर शर्टाखाली सरकवायची, आणि आठच्या सुमारास वाचन संपलं की शौचाच्या निमित्तानं टमरेल घेऊन वावराकडे निघायचं. सोयाबीन तेव्हा मांडीएवढं वाढलेलं. त्यात उकिडवा बसून, चारी बाजूंनी बेडूक ओरडतायत, मी घामट भाकर चावतोय, टमरेलातल्या पाण्यानं गोळी गिळतोय. लांबून मेडशीच्या रस्त्यावर शेवटच्या एसटीचा भोंगा ऐकू यायचा, त्यावरून मला वेळ कळायची. या थाटात मी एक पंधरवडा काढला. मग झडी लागली. आठवडाभर पाऊस उघडेना, वावरात गुडघाभर चिखल, आणि एवढ्या पावसात उपासक रोज ठरलेल्या वेळी कुठे जातो, असं लोक विचारायला लागले. तेव्हा मी संध्याकाळची गोळी बंदच केली. माझा हिशोब साधा होता: दोनपैकी एक घेतोय, म्हणजे पन्नास टक्के. आयुष्यभर मी पस्तिसावर पास झालेला माणूस. पन्नास म्हणजे माझ्यासाठी सेकंड क्लास होता.

इकडे गावात माझी कीर्ती वाढत होती. सकाळी गोळी, दुपारी एक जेवण, संध्याकाळी विहारात मीच वाचन करायचो, कारण माझा आवाज बरा होता आणि उपाशी माणसाच्या आवाजात आपोआप एक कारुण्य येतं. बायका लेकरांना घेऊन पाया पडायला येऊ लागल्या. मी पाय मागे घ्यायचो, रोग लागेल म्हणून. त्यांना वाटायचं, किती नम्र पोरगा. खोकल्यानं वाचन अडलं की शामरावबाबा पाण्याचा पेला पुढे करायचे, आणि तो त्यांचा पेला म्हणून मी तोंडाला लावायचो नाही. तेसुद्धा माझ्या खात्यावर वैराग्य म्हणून जमा झालं. मी वाळत चाललो होतो आणि सगळ्यांना माझ्या चेहऱ्यावर तेज दिसत होतं.

पुढच्या वेळी गोळ्या आणायला गेलो तेव्हा ताईंनी नेहमीप्रमाणे माझी बाटली टेबलावर उपडी केली आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. मोजून झाल्यावर चष्मा काढला.

"मिलिंद, या इतक्या उरल्या कशा?"

"सकाळच्या सगळ्या घेतल्या ताई. एकही चुकवली नाही."

"तुमच्या सोयाबीनवर अळी पडते ना? फवारणी करताना पंपात अर्धंच औषध टाकलं तर काय होतं?"

"अळी मरत नाई."

"नुसती मरत नाही असं नाही. तिला त्या औषधाची सवय होते. मग पुढच्या वेळी पूर्ण पंप मारला तरी ती मरत नाही. आणि आपल्याकडे पंपात टाकायला औषधं फार नाहीत." त्यांनी नवी बाटली माझ्यापुढे सरकवली. "पुढच्या खेपेला घरचं कोणीतरी सोबत आणा. एकट्यानं हे तुम्हाला जमत नाहीये."

अळीचं मला समजलं. पहिल्यांदाच काहीतरी खरोखर समजलं. एसटीत आमच्या तालुक्याच्या मालेगावपर्यंत मी बाहेर बघत बसलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, ठिकठिकाणी माणसं पाठीवर पंप घेऊन चाललेली. मरायला मी तयार आहे असं इतके दिवस धरून चाललो होतो. त्या दिवशी कळलं की मी अजिबात तयार नव्हतो. मला जगायचं होतं, आणि ते पोटभर जेवून.

तरीही मी मायला सांगितलं नाही, आणि तिला न सांगता आठची भाकर कुठून आणायची, म्हणून संध्याकाळची गोळी तशीच राहिली. ठरवायचो, आज सांगू; मग ती अंगणात कोणाशी तरी माझ्याबद्दल बोलताना दिसायची आणि मी वाचनासाठी विहाराकडे निघायचो. भादवा अर्धा सरला. एका संध्याकाळी मी विहारात वाचत होतो, अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली, आणि मी बसल्या जागी पुढे वाकून ग्रंथाच्या चौरंगावर डोकं टेकलं. बेशुद्धच पडलो. नंतर मला सांगितलं गेलं की पहिली दोन-तीन मिनिटं कोणी जागचं हललंच नाही. मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, "ध्यान लागलं." शामरावबाबांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. माझी माय तेवढी उठली. तिनं मला उताणं केलं, गळ्याची गुंडी सोडली, आणि तिच्या हाताला सदऱ्याच्या आतल्या खिशातली बाटली लागली. घरात लपत नाही म्हणून मी ती अंगावरच बाळगायचो; वाजू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबलेला. मायनं ती कोणाच्या नजरेस पडायच्या आत ओच्यात खोचली.

घरी आल्यावर ती चुलीपाशी बसली. भाकर थापल्याचा आवाज आला. संथ. मला त्या संथपणाचीच भीती वाटली. थोड्या वेळानं तिनं ताट माझ्यापुढे ठेवलं: भाकर, तुरीचं वरण, तरोट्याची भाजी, आणि वाटीच्या जागी ती बाटली.

"जेव."

"माय, अष्टशील हाये."

"तुह्या अष्टशीलाचं मी पाहीन. आदी जेव, मंग सांग."

मी जेवलो. जेवताना रडत होतो की घाम होता ते आठवत नाही. भाजी मात्र आठवते. मग सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, कंपनीतलं जेवढं मायला सांगता येतं तेवढं सांगितलं. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिली. मला वाटलं, आता विचारेल, कसा लागला. तिनं विचारलं, "कोनाकोनाले माहीत हाये?"

"तुले. आन दवाखान्यातल्या ताईले."

"आन हे ताट? चटई? दाडी?"

"तुले लागू नाई म्हणून."

मायनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्या तुह्या उष्ट्या ताटातली भाकर रोज शेळीले टाकली. दोनदा तिनं सोडली ते मीच खाल्ली. मले काय झालं?" आणि पुढे, "रोगाचं मी कोनाले सांगणार नाई. पण दोन महिने लोकं तुह्या पाया पडून राह्यले. खोटं न बोलाचं शील कितवं हाये बापू?"

"चौथं."

"म्हणजे आठ घेतले आन चौथं पयल्याच दिवशी मोडलं." गोळी तिनंच माझ्या तळहातावर ठेवली.

पुढच्या खेपेला ती वाशीमला आली. ताईंच्या खुर्चीसमोर मांडी घालून बसायला लागली, ताईंनी हात धरून तिला बाकावर बसवलं. जे मी इतक्या महिन्यांत विचारलं नव्हतं ते मायनं एका दमात विचारलं. एका ताटात जेवलं तर? एका मोरीत न्हालं तर? डास? यानं शेळी पिळली तर? ताई प्रत्येकाला नाही म्हणत गेल्या. मग रक्ताचं, वस्तऱ्याचं, सुईचं समजावलं, आणि लग्न करायचं झालं तर आधी इथं यायचं, हेही. माय शेवटी म्हणाली, "म्हणजे पोटभर खाणं, टायमावर गोळी, आन खोकला आला की लगेच दवाखाना. एवढंच ना?"

"एवढंच, मावशी. पण रोज."

"रोजचं काय, भाकर बी रोजच थापा लागते."

जगात एवढ्या परिषदा भरल्या, एवढी पत्रकं निघाली; मायच्या या वाक्यापलीकडे मला अजून काही सापडलेलं नाही. आता दिवसाला एकच गोळी असते. माझ्या रक्तात विषाणू कित्येक वर्षं मशीनला सापडलेला नाही, आणि तो असा सापडेनासा राहिला की संबंधातूनही जोडीदाराला जात नाही, हे आता डॉक्टर ठामपणे सांगतात. बायकोनं सगळं माहीत असून माझ्याशी लग्न केलं, तिचा आणि मुलीचा रिपोर्ट कोरा आहे. हे प्रकरण मुलगीच टाइप करते आहे आणि सोयाबीनमधल्या टमरेलाशी येऊन दहा मिनिटं हसत बसली होती.

पण तेव्हा आश्विन पौर्णिमा पुढे उभी होती. वर्षावासाची सांगता, खीरदान, आणि तीन महिन्यांचं अष्टशील पूर्ण केल्याबद्दल माझा सत्कार. शामरावबाबांनी मालेगावहून हार मागवला होता. माय म्हणाली, "हार घालून घेशीन त मी विहारात पाय ठेवणार नाई." मी म्हणालो, खरं सांगितलं तर आपलं गावात कसं व्हायचं? ती म्हणाली, "रोगाचं सांग म्हणून कोण म्हणते? शील नाई पाळलं, एवढं सांग." तिला वाटत होतं की या दोन गोष्टी वेगळ्या सांगता येतील. मलाही तसंच वाटत होतं.

पौर्णिमेला विहार गच्च भरला. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेली माणसं, अंगाला भुसा, हातात खिरीच्या वाट्या. शामरावबाबा हार घेऊन उठले, मीही उठलो. "बाबा, हार घालू नका," मी म्हणालो. "मी शील पाळलं नाई. मी आजारी हाये. रातच्याले गोळी घ्या लागते, तिच्यासाठी जेवा लागते. पयले लपून जेवलो, मंग घरी जेवलो. पाया पडले त्याईची माफी मागतो."

मला वाटलं होतं, छत कोसळेल. शामरावबाबा म्हणाले, "अबे, सोयाबीनीत बसून भाकर खात होता ते आमाले पयल्या हप्त्यातच माहीत होतं. आमी म्हटलं, पोरगं कच्चं हाये, होईन पक्कं." लोक हसले. मीही हसायला लागलो, सुटलो असं वाटलं. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कोणीतरी विचारलं, "पण गोळी कायची हाये रे?"

हसणं थांबलं. खोटं तयार होतं माझ्याकडे; टीबी म्हणालो असतो तर कोणी पुढे विचारलं नसतं. मी तोंड उघडलं आणि ते निघेना. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले होते. माय उठली, स्वतःची खिरीची वाटी घेऊन माझ्यापाशी आली, त्यातली निम्मी खाल्ली, उरलेली माझ्या हातात दिली. ओच्यातून बाटली काढून सगळ्यांच्या देखत गोळी तळहातावर ठेवली. मग त्या बाजूला वळून म्हणाली, "त्याची हाये. रोजची हाये, जन्मभराची हाये. ज्याले नाव पायजे त्यानं उद्या माह्या घरी यावं, चहा प्यावा, मी सांगतो. आज पोराले गोळी खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी चौघं आले. दोन घरांनी पुढचं वर्षभर आमच्याकडे पाणी घेतलं नाही. ते लपवण्यात अर्थ नाही, मायला ते शेवटपर्यंत लागलं. पण त्या संध्याकाळी मी खीर खाल्ली, गोळी गिळली, आणि विहारभर लोक ते पाहत राहिले. शामरावबाबांच्या हातात हार तसाच होता. तो कुठे घालावा ते न कळून त्यांनी मनगटाभोवती गुंडाळला, खाली बसले, ग्रंथाचं राहिलेलं शेवटचं पान उघडलं आणि चौरंग माझ्याकडे सरकवला.

"जेवला ना आता? मंग मोठ्यानं वाच. तीन महिने मांगं बसणाऱ्याले काई ऐकू आलं नाई."